एका विश्वासार्ह कोशाची खरेदी

मी बजबजच्या तेल डेपोत खरेदी अधिकारी आहे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी व्हॉल्व्ह घेतले, गॅस्केटं घेतली, आग विझवायचे पाइप घेतले, एकदा तर जेट्टीसाठी ट्रकभर दोरखंड घेतला. यातल्या एकाही वस्तूने मला चारचौघांत मान खाली घालायला लावली नाही. ते काम एका पुस्तकाने केलं. आणि पुस्तक खराब निघालं असतं, तर माझी काही तक्रारही नव्हती.

त्याचं असं झालं, की आमच्या कलकत्त्यातल्या मराठी मंडळाच्या सभेत एक ठराव आला. 'मंडळाने तत्त्वज्ञानाचा एक विश्वासार्ह संदर्भग्रंथ खरेदी करावा व त्यात जे छापले असेल ते सर्वांनी अंतिम मानावे.' ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या मंडळात एकमताने काही मंजूर होण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. पण मी बटाटेवडा खात होतो. वडा संपवून मान वर केली, तर सगळी सभा माझ्याकडे बघत होती.

"मोघे खरेदीत आहेत ना?" कोणीतरी म्हणालं.

डॉक्टरला लग्नात गाठून लोक गुडघे दाखवतात, बँकवाल्याच्या हातात फाटक्या नोटा ठेवतात, तसंच खरेदीतल्या माणसाचं. त्याला पितळी समईपासून षड्दर्शनांपर्यंत सगळं आणता येतं असा समज आहे. मी "बघतो" म्हणालो. आमच्या नोकरीत "बघतो" म्हणजे नाही. मंडळाच्या इतिवृत्तात मात्र त्याचं 'श्री. अनिल मोघे यांनी जबाबदारी आनंदाने स्वीकारली' असं झालं. यातला आनंद कोणाचा, ते मला अजून कळलेलं नाही.

आता एवढ्याशा मंडळाला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ कशाला हवा, हे सांगायला हवं. गेल्या गणपतीत प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न विचारायला होते दत्तूकाका आठल्ये. यांचे आजोबा कलकत्त्याला आले, ते इथलेच झाले. दत्तूकाका इथेच जन्मले आणि जन्मभर त्यांनी इथल्याच एका शाळेत संस्कृत शिकवलं. मंडळाचा गणपती त्यांच्याच घरातल्या तळमजल्याच्या हॉलमध्ये बसतो. शेवटच्या फेरीत उत्तर द्यायला उभे होते शरदराव पेंडसे. हे बँकेतले मोठे साहेब, पुण्याहून बदलून आलेले. प्रश्न होता, सांख्य दर्शनात एकूण तत्त्वं किती? शरदराव म्हणाले, "चोवीस." दत्तूकाका म्हणाले, "चूक. पंचवीस." एवढ्यावर थांबले असते तर काही झालं नसतं. पण त्यांनी माइक तोंडाजवळ ओढला.

"चोवीस या जगाची, आणि पंचविसावा तो बघणारा पुरुष. आरे बाबा शरदराव, तुम्ही स्वतःलाच मोजायला विसरलात! बसा खाली."

जन्मभर वर्गात "बसा खाली" म्हणत आलेल्या माणसाला त्यात काही वाटलं नाही. पण शरदराव ज्या कचेरीत असतात, तिथे ते आले की बाकीचे उभे राहतात. ते खाली बसले ते हॉलच्या बाहेर जाऊन, स्वतःच्या गाडीत. बक्षिसाचा कॅसरोलचा संच फोर्ट विल्यममधल्या एका मेजरसाहेबांच्या पत्नीला मिळाला आणि पुढच्याच बदलीत त्या तो घेऊन पठाणकोटला गेल्या. भांडण तेवढं आमच्याकडे राहिलं.

मोबाइलवर बघून मिटवता आलं नसतं का, असं तुम्ही म्हणाल. बघितलं ना. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात एका बाजूने पंचविसाचे दाखले येऊ लागले, दुसऱ्या बाजूने चोविसाचे. एका उत्साही सभासदाने सव्वीसही शोधून काढले, त्याला दोन्ही बाजूंनी झोडपलं. हळूहळू सांख्य राहिलं बाजूला, आणि कलकत्त्यात जन्मलेले सगळे पंचवीसवाले झाले, बदलीवर आलेले सगळे चोवीसवाले. ज्यांनी सांख्य हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता तेही तावातावाने "चोवीस म्हणजे चोवीस" म्हणू लागले. शेवटी शरदरावांनी जाहीर केलं, की यंदा बदलीवाल्यांचा गणपती वेगळा बसेल. मूर्तिकारांच्या कुमारटुलीत जाऊन त्यांनी मूर्तीही बघून ठेवली. इथे मराठी माणसं मुळात मूठभर. सगळी आली तर आरतीला जरा आवाज होतो. त्यातले निम्मे गेले तर टाळ वाजवायला वेगळा माणूस आणि 'घालीन लोटांगण' म्हणायला वेगळा, एवढीही सोय राहिली नसती.

म्हणून तो ठराव. कोशात पंचवीस निघाले तर शरदराव माघार घेणार, चोवीस निघाले तर दत्तूकाका भर सभेत शब्द मागे घेणार.

घरी आल्यावर वैशालीला सांगितलं. वाटलं, नवऱ्यावर टाकलेला विश्वास ऐकून तिला बरं वाटेल. ती भाजी चिरायची थांबली.

"अहो, हे पुस्तक नीट बघून आणा," ती म्हणाली. "मला काकू आणि शेजार यांतलं एक निवडायला लावू नका."

तिचं खरं होतं. आम्ही कलकत्त्यात नवे आलो आणि तिला डेंग्यू झाला. लेक बंगळूरला, इथे ओळख कोणाची नाही. कोणाकडून तरी कळल्यावर दत्तूकाकांच्या प्रेमलताकाकू टॅक्सी करून आल्या, पदर खोचला, आणि वैशाली उठून बसेपर्यंत मऊ भाताचा डबा घेऊन येत राहिल्या. तेव्हापासून वैशालीचं माहेर कलकत्त्यात आहे. आणि शरदराव राहतात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. त्यांच्या मिसेस आणि वैशाली रोज संध्याकाळी लेकच्या तळ्याकाठी फिरायला जातात आणि दोन्ही घरचे नवरे तपशीलवार बोलून काढतात.

"दोन गणपती बसले तर मी एकाही आरतीला जाणार नाही," वैशाली म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "अगं, हे खरेदीचं काम आहे. पद्धतशीर केलं की चूक होत नाही." ती माझ्याकडे बघून पुन्हा भाजी चिरायला लागली.

खरेदीत पहिली पायरी असते ती स्पेसिफिकेशनची. नेमकं काय हवं ते आधी लिहून काढायचं. मी गटात टाकलं, 'तत्त्वज्ञानकोश, एक नग, कापडी बांधणी.' हरकती लगेच सुरू झाल्या. पुण्यात छापलेला नको, तो शरदरावांचा गाव. कलकत्त्यात छापलेला नको, तो काकांचा. मराठी नको, कारण एका मराठी कोशाच्या संपादकांत कोणाचा तरी साडू आहे अशी कुणकुण होती. बंगाली नको, कारण चोवीसवाल्यांना तो वाचता आला नसता. शेवटी 'दिल्लीत छापलेला, इंग्रजी, संपादक मंडळात आठल्ये, पेंडसे किंवा त्यांचे सोयरे नसलेला' यावर तडजोड झाली. सव्वीस वर्षांत मी वस्तूची सोयरीक तपासून ती घेतली नव्हती.

इतकं होईतो ही बातमी खालच्या मजल्यावरच्या मृणालबाबूंच्या कानावर गेली. मृणालबाबू विमा कंपनीतून निवृत्त झालेत आणि माझ्याशी ते हिंदी बोलतात, म्हणजे ते तिला हिंदी समजतात.

"आनिलबाबू, आप दर्शन का बोई किनने जायेगा, और हमको बोलेगा नहीं?" ते जिन्यात मला अडवून म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. कलकत्त्यात एखाद्याला न विचारता तुम्ही घर विकू शकता, पण पुस्तक घ्यायचं म्हणजे काहीतरी रीत आहे.

ते मला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. तिथे त्यांचे चार मित्र बसले होते. मी म्हटलं, विश्वासार्ह कोश हवा. त्यावर त्यांनी 'विश्वासार्ह' म्हणजे काय, इथपासून सुरुवात केली. एक जण म्हणाला, ज्यावर विश्वास ठेवावा लागतो ते ज्ञानच नव्हे. दुसरा उठून गेला आणि सिगारेट घेऊन परत आला. भांडं भांडं चहा रिचवला गेला, मोहनबागान-ईस्ट बंगालही झालं, आणि शेवटी मृणालबाबूंनी निकाल दिला.

"सोजा टेस्ट है। जिस बोई में नबोद्वीप का नव्यन्याय दस पन्ना से कोम है, ओ बोई नहीं, पंचांग है।"

नव्यन्याय म्हणजे काय ते मी विचारलं नाही. नवद्वीप इथून जवळच आहे, तेव्हा आपल्या गावच्या माणसाला किती जागा दिली हे बघूनच पुस्तकाची पारख करायची, एवढं मला समजलं. पुढे लक्षात आलं, की आमच्या मंडळातही प्रत्येकजण तेच करत होता.

दुसऱ्या दिवशी मृणालबाबूंना बरोबर घेऊन कॉलेज स्ट्रीटला गेलो. दुकान म्हणजे भिंतीत एक फट होती आणि त्या फटीत पुस्तकांच्या मागे एक गृहस्थ बसलेले. मी त्यांना कोशाचं वर्णन सांगितलं, आणि नियमाप्रमाणे तीन दुकानांची कोटेशनं लागतील असंही सांगितलं. गृहस्थांनी खण उघडला आणि तीन लेटरहेड काढली. एक त्यांचं, एक त्यांच्या मेव्हण्याचं, एक त्यांच्या कैलासवासी काकांचं.

"तीनटेई दिच्छी," तिन्ही मीच देतो, असं म्हणून त्यांनी लिहायला घेतलं.

ही युक्ती मी नोकरीत कितीदा तरी पकडली आहे, मेमो दिले आहेत. पण इतक्या मोकळेपणाने ती माझ्यासमोर कोणी केली नव्हती. काकांचं कोटेशन सर्वांत महाग ठेवून त्यांनी दिवंगतांचा मानही राखला. मी विचारलं, "गॅरंटी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मृणालबाबूंकडे बघितलं. "दर्शनेर गॅरंटी?" त्यांनी विचारलं. मृणालबाबूंनी खाली बघितलं. आजारी माणसाला घेऊन आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "बाइंडिंगेर गॅरंटी दिते पारी," बांधणीची देऊ शकतो, असं दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाले.

कोश मोठा थोरला होता, एका हाताने उचलवत नव्हता. मी आमच्या पद्धतीने नमुना तपासणी केली, म्हणजे मध्येच कुठेतरी उघडला. 'मोक्ष' सापडला. पान उलटलं, तर मोक्षानंतर गाईच्या खुरांचे रोग सुरू झाले होते, रंगीत चित्रांसह. छापखान्यात जनावरांच्या वैद्यकाची सोळा पानं यात शिवली गेली होती.

"होते पारे," असूही शकतं, असं म्हणून मृणालबाबू ती पानं लक्ष देऊन वाचू लागले.

दुकानदार मात्र ओशाळले. गॅरंटी दिली होती ती नेमकी बांधणीची. दिल्लीहून नवी प्रत मागवतो आणि कुरियरने थेट पोहोचवतो म्हणाले. पत्ता लिहायला कागद पुढे केला. आणि इथे माझ्या हाताने घात केला. इथे बदलून आल्यापासून माल मागवताना हा हात एकच पत्ता लिहीत आलेला. त्याने माझ्या नकळत लिहून टाकलं, 'भांडार विभाग, तेल डेपो, बजबज.'

पुस्तक आलं ते मंडळाच्या निकालाच्या सभेच्या आदल्या दिवशी. भांडारातून प्रकाशजींचा फोन आला. प्रकाशजी आमचे भांडार अधिकारी, बिहारमधल्या आऱ्याचे, अतिशय सज्जन गृहस्थ. ते एकही गोष्ट नियमाबाहेर करत नाहीत, आणि त्यांच्या सज्जनपणामुळे त्यांच्यावर ओरडताही येत नाही.

"सर, आपका मटीरियल आया है। ऑर्डर नंबर बता दीजिए।"

मी धावत गेलो. कोश लोखंडी रॅकवर, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बसला होता. गळ्यात लेबल. म्हटलं, हे माझं खाजगी आहे, मी घेऊन जातो. प्रकाशजींना फार वाईट वाटलं. जो माल एकदा फाटकातून आत येऊन भांडारात नोंदला गेला, तो गेटपासशिवाय बाहेर जात नाही. गेटपास संगणकातून निघतो. संगणकाला मालाचा कोड लागतो. कोड होते व्हॉल्व्हचे, पंपांचे, नटबोल्टचे. तत्त्वज्ञानाला कोड नव्हता.

"हा नियम कोणी केला?" मी वैतागून विचारलं. प्रकाशजींनी नम्रपणे परिपत्रक दाखवलं. खाली सही माझीच होती.

मग त्यांनी पुढचा रकाना वाचला. माल ज्वलनशील की अज्वलनशील? मी म्हटलं, पुस्तक आहे हो. "सर, कागज़ तो जलता है," ते म्हणाले. ज्वलनशील म्हटलं तर सुरक्षा विभागाची सही हवी, आणि तो टाक्यांपासून दूर हलवायला हवा. अज्वलनशील लिहिणं त्यांच्या तत्त्वात बसेना. निर्णयासाठी त्यांनी पुस्तक उघडून थोडं वाचून बघितलं. वाचता वाचता खुर्चीत बसले. "अच्छा लिखा है, सर," ते म्हणाले, पण सही केली नाही. सुरक्षा विभागाचे साहेब हल्दियाला गेलेले. रात्रभर कोश रॅकवरच राहिला आणि मी घरी गेलो. वैशालीने माझ्या रिकाम्या हातांकडे बघून विचारलं, "कुठेय?" मी म्हणालो, "नियमात अडकलाय." कोणाच्या ते सांगितलं नाही.

सभेच्या दिवशी दुपारी सुरक्षा साहेब उगवले. त्यांनी तोडगा काढला. कोश 'प्रशिक्षण साहित्य, अग्निशमन' या कोडखाली बाहेर जाऊ शकत होता. मी निमूटपणे सही केली. फाटकावरच्या जवानाने पान न् पान पिंजून काढून मध्ये काही लपवलं नाही ना ते बघितलं आणि सलाम ठोकला. कोश छातीशी धरून मी शियालदहाकडे जाणारी बजबज लोकल पकडली.

गाडीत खिडकी मिळाली. इतका वेळ त्या पुस्तकात नेमकं काय आहे ते मी बघितलंच नव्हतं. आम्ही खरेदीतले लोक मालाचा आकार, वजन, बांधणी बघतो. तो वापरायचा असतो दुसऱ्यांनी. पण आता राहवेना. पानं उलटून सांख्य काढलं. डाव्या बाजूच्या रकान्यात, ठळक, स्वच्छ, निःसंदिग्ध लिहिलं होतं, तत्त्वं पंचवीस. चोविसाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

"परीक्षा है, दादा?" शेजारचा प्रवासी म्हणाला. "इस उमर में?" मी हो म्हणालो.

दत्तूकाका बरोबर होते. पहिल्यांदा मला हायसं वाटलं, निकाल लागला एकदाचा. मग आक्रा गेलं, संतोषपूर गेलं, आणि पुढचं दिसायला लागलं. आज सभेत हे वाचलं जाणार. शरदराव शब्दाला जागून माघार घेतील, नमस्कार करतील, आणि पुन्हा त्या हॉलची पायरी चढणार नाहीत. भर सभेत दुसऱ्यांदा "बसा खाली" ऐकलेला माणूस आरतीला कशाला येईल? त्यांच्या मागे निम्मं मंडळ जाईल. बरं, चोवीस निघाले असते तरी काय? काकांनी माफी मागितली असती आणि हॉलला आतून कडी घातली असती. म्हणजे पुस्तक जितकं विश्वासार्ह, तितका मंडळाचा नाश पक्का. आणि मी भारतातलं सर्वांत विश्वासार्ह पुस्तक शोधून, तीन कोटेशनं घेऊन, गेटपाससह घेऊन चाललो होतो.

लेक गार्डन्सला उतरून घरी गेलो. वैशाली दारातच उभी होती.

"पंचवीस," मी म्हणालो.

ती सोफ्यावर बसली. मग म्हणाली, "अहो, जरा वाईट पुस्तक नाही का मिळालं तुम्हाला?"

मिळालं होतं. गाईच्या खुरांचं. ते मी परत केलं होतं, पद्धतशीर.

सभा दत्तूकाकांच्याच हॉलमध्ये होती. एका भिंतीला पंचवीसवाले, समोरच्या भिंतीला चोवीसवाले, मध्ये सतरंजी रिकामी. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला शरदराव. शरदरावांच्या मिसेस मांडीवर पर्स घेऊन खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. चहा आला नव्हता. प्रेमलताकाकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून सांगून टाकलं होतं, "आधी ते उरका. मग चहा." त्यांचे डोळे रडल्यासारखे दिसत होते. वैशाली दोन्ही भिंती सोडून दाराजवळ उभी राहिली.

कोश आधी दोन्ही बाजूंनी तपासला गेला. छापलं कुठे, संपादक कोण, शिक्का कुठला. हरकत निघाली नाही. मग वाचायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, खरेदी करणाऱ्याने माल वापरायचा नसतो, तसा नियम आहे. एवढा एक नियम त्या आठवड्यात माझ्या कामाला आला.

"काकांनीच वाचावं," शरदराव ताठ आवाजात म्हणाले. "ते ज्येष्ठ आहेत. माझा विश्वास आहे."

दत्तूकाकांनी चष्मा चढवला. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांनी पान काढलं, बोट रकान्यावरून खाली आलं आणि नेमकं त्या ओळीवर थांबलं. त्यांचा चेहरा उजळला. वर्गात अवघड गणित सुटल्यावर मास्तरांचा उजळतो, तसा. मी डोळे मिटून घेतले.

पण आवाज येईना. डोळे उघडले तर काका समोर बघत होते. शरदरावांकडे, त्यांच्या मिसेसच्या मांडीवरच्या पर्सकडे, मग दारातल्या काकूंकडे. मग त्यांनी पानात बोट तसंच ठेवून कोश मिटला.

"आरे, इथे तर दोन्ही मतं दिलीत," ते म्हणाले. "काही चोवीस मानतात, काही पंचवीस. पंडितांचंच एकमत नाही म्हणतो."

काकांनी चष्मा काढला.

"आणि ते काहीही असो. मी त्या दिवशी माइकवर जे बोललो, ते बोलायला नको होतं. जीभ वर्गातली आहे, सुटते. शरदराव, मला फार वाईट वाटलं हो नंतर. या एवढ्या हॉलमध्ये गणपती बसवून निम्म्या माणसांची वाट बघत बसलो असतो, तर ते मला सोसलं नसतं."

शरदराव उठून सतरंजी ओलांडत आले. "बघू," म्हणाले आणि हात पुढे केला.

बँकेतला माणूस, बघितल्याशिवाय तो स्वतःच्या वाढदिवसाच्या कार्डावरही सही करत नाही. काकांनी कोश दिला, आणि देईपर्यंत बोट काढलं नाही, म्हणून पान नेमकं तेच उघडलं. शरदराव वाचू लागले. त्यांची नजर डाव्या रकान्यात त्याच ओळीशी थांबली. ती ओळ मला तिथूनही दिसत होती. त्यांनी ती दोनदा वाचली. एकदा काकांकडे बघितलं. काका स्वतःच्या चष्म्याची काच पुसत होते, पुसून झालेली.

"बरोबर आहे," शरदराव म्हणाले. "दोन्ही दिलीत." मग कोश मिटता मिटता पुढे म्हणाले, "चोविसाचं जरा ओझरतं आहे. पण आहे."

त्यांच्या मिसेसनी पर्स खाली ठेवली. कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला, बहुतेक मीच. शरदरावांनी तिथल्या तिथे कुमारटुलीला फोन लावला आणि मूर्ती नको म्हणून सांगितलं, मग काकांच्या शेजारी सतरंजीवर बसले. दोघांनाही काय बोलावं ते सुचेना, तेव्हा ते दोघे मिळून माझ्याकडे वळले.

"पण अनिल, असला कोश काय कामाचा रे?" काका म्हणाले. "एक काही धड सांगत नाही!"

"मीही तेच म्हणतो," शरदराव म्हणाले. "अनिलराव, तुम्ही खरेदीतले असून? बघून नाही का घ्यायचं?"

"विश्वासार्ह मागवला होता," भिंतीकडून कोणीतरी म्हणालं. "ठरावात स्पष्ट आहे."

दोन्ही भिंतींना हे एकदम पटलं. इतक्या महिन्यांनी मंडळ एका बाजूला झालं, आणि दुसऱ्या बाजूला मी. ठराव आला, 'खरेदी केलेला कोश अविश्वासार्ह असल्याने परत करावा. खरेदी सदोष झाल्याबद्दल मंडळ नापसंती नोंदवते.' काकांनी मांडला, शरदरावांनी अनुमोदन दिलं. सव्वीस वर्षं. एकही नग परत नाही. कोशातली ती पंचविसाची ओळ माझ्या जिभेवर आली होती, पानासकट. तोंड उघडलं आणि दाराकडे नजर गेली. प्रेमलताकाकूंनी वैशालीचा हात धरून तिला आत ओढलं होतं आणि दोघी हसत होत्या, डोळे पुसत हसत होत्या.

मी उभा राहिलो. "माझंच चुकलं," मी म्हणालो. "नीट बघून घ्यायला हवा होता." ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

"असू द्या, होतं असं," शरदराव मोठ्या मनाने म्हणाले.

मग चहा आला. भिंती सुटल्या, सतरंजी भरली, आरतीला पेटी कोणाची यावरून नवी बोलाचाली सुरू झाली. मी अपराध्याने बसावं तसा कोपऱ्यात कोश मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि इतकं मोकळं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. दत्तूकाका स्वतः कप घेऊन माझ्यापर्यंत आले, इकडेतिकडे बघितलं आणि वाकले.

"कोश फार उत्तम आणलास रे," ते कानात म्हणाले. "आता कोणी उघडून बघायच्या आत परत करून टाक."